तृतीयेच्या दिवशीची चतुर्थी

बुधवारी दुपारी एक वाजून बारा मिनिटांनी तेजश्रीच्या मनगटावरचं घड्याळ थरथरलं, तेव्हा ती पलूसच्या एका आजोबांच्या 'दिवे लागले की' या तीन शब्दांचा आकडा करत बसली होती. तिचं रोजचं काम हेच. माणसं वेळ कशीही सांगतात. 'पुढच्या बाजाराच्या दिवशी', 'पावणेआठला', 'बातम्या संपल्या की'. यंत्राला यातलं ओ की ठो कळत नाही. त्याला एकच गोष्ट कळते: १९७० सालच्या एक जानेवारीला ग्रिनिचला मध्यरात्र झाली, आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजले होते, तिथपासून आत्तापर्यंत किती सेकंद उलटले तो लांबलचक आकडा. माणसाच्या बोलण्याचा आकडा करायचा, तो जपून ठेवायचा, आणि परत दाखवताना त्याला माणसाच्या ओळखीचे कपडे घालायचे, हे ती मिरजेतल्या एका इन्सुलिन पंपांच्या कंपनीत अकरा वर्षं करत होती. ऑफिसात तिला पाठीमागे पंचांगकाकू म्हणत. तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर थोडं आवडतही होतं.

घड्याळावर अक्षरं होती: शालन कुंभोजकर, साखर ४६.

साखर सत्तरच्या खाली गेली की काळजी, पन्नासच्या खाली गेली की माणूस उभ्या उभ्या कोसळू शकतो. तेजश्रीने शेजारच्या नसीमभाभींना फोन लावला. "भाभी, आमच्याकडे जा. दार उघडंच असेल. आईंच्या तोंडात साखर घाला, पाण्यातून द्या, कशीही द्या. मी निघाले."

शालनताई तिच्या सासूबाई. म्हणजे कागदोपत्री आता त्याही नव्हत्या. सहा वर्षांपूर्वी तेजश्रीच्या नवऱ्याने, अजितने, टोरांटोत दुसरा संसार मांडला आणि घटस्फोटाचे कागद धाडून दिले. शालनताईंनी मुलाला फोनवर एवढंच सांगितलं, की मी माधवनगरचं हे घर सोडणार नाही. सुनेला तर तेवढंही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला डबा भरून तिच्या हातात दिला. गल्लीने सहा महिने या विषयाचा कीस पाडला आणि मग गल्लीही दमली.

तेजश्री घरी पोचली तेव्हा शालनताई भिंतीला टेकून बसल्या होत्या. रंग परत आला होता. नसीमभाभी शालनताईंच्याच पदराने त्यांचा घाम पुसत होत्या.

"पडल्या नाहीत, नशीब," भाभी म्हणाल्या. "ओट्याला धरून उभ्या होत्या. सकाळपासून पोटात काही नाही म्हणतात."

"काही नाही म्हणजे? आज का?"

शालनताईंनी बोट उचलून भिंतीवरचं कॅलेंडर दाखवलं. बुधवारच्या चौकोनात लाल अक्षरात छापलं होतं: संकष्ट चतुर्थी, चंद्रोदय ८.५७.

तेजश्रीने फोन काढून पाहिलं. तिथे तिनेच लिहिलेला प्रोग्राम शांतपणे सांगत होता की संकष्टी उद्या, गुरुवारी आहे. ती सासूच्या शेजारी तशीच फरशीवर बसली.

झालं होतं ते असं. शालनताईंच्या पोटावर रुपयाएवढा एक पंप चिकटवलेला असे. त्याचं नाव 'सोबत'. जुन्या पंपांची एक अडचण होती. घास पोटात गेला की साखर धावत सुटते आणि इन्सुलिन मागून रमतगमत येतं. यंत्र सदानकदा साखरेच्या मागे पळत राही आणि साखर रोज डोंगर-दऱ्या करी. त्या चढउतारांनीच डोळे आणि मूत्रपिंडं झिजतात. 'सोबत'ने उलटं केलं. माणूस कधी जेवतो हे त्याने काही महिने पाहून शिकायचं आणि जेवणाच्या तासभर आधीच डोस सोडायचा, म्हणजे दोघं एकाच वेळी रक्तात पोचतात. चार वर्षं शालनताईंची साखर सपाट रस्त्यावरून चालत होती. इंजेक्शनांच्या दिवसांत डाव्या डोळ्याची नजर गेली होती, उजवा डोळा या पंपाने राखला होता.

पण आगाऊ सोडलेला डोस परत घेता येत नाही. जेवण येणार म्हणून यंत्राने तयारी केली आणि ताटच मांडलं नाही, तर ते इन्सुलिन अंगातली होती नव्हती तेवढी साखर ओढून घेतं. म्हणून उपवासाच्या सकाळी पंपावरचं 'आज जेवण नाही' हे बटण दाबायचं असे. शालनताई चार वर्षं न चुकता ते दाबत आल्या होत्या. दोन महिन्यांपूर्वी तेजश्रीने मोठ्या हौसेने त्यांना सांगितलं होतं, "आता बटण विसरा. मशीनला तिथ्या शिकवल्यात मी. त्याला आपोआप कळेल." पहिल्या दोन संकष्ट्या बरोबर जमूनही गेल्या.

"म्हणून मी दाबलं न्हाई," शालनताई म्हणाल्या. आवाजात तक्रार नव्हती, आणि तेच तेजश्रीला सोसेना.

"माझी चूक झाली, आई. आज सकाळी सूर्योदयाला तृतीया होती. मी सूर्योदयाची तिथी धरली."

"सूर्याचा काय संबंध?" शालनताई चक्क सावरून बसल्या. तीस वर्षं त्या तासगावच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होत्या. वेळेच्या बाबतीत कुणी चुकलं की त्यांना अशक्तपणातही तरतरी येई. "संकष्टी चंद्र बघून सोडायची, तर तिथी पण चंद्रालाच विचारायची. सकाळी तीज होती, दुपारी चौथ लागली, आज चंद्र उगवताना चौथ हाय. मग संकष्टी आज. एकादशी सूर्याला विचार, प्रदोष सांजेला, शिवरात्र मध्यरात्रीला. ज्याची त्याची वेळ वेगळी."

"पण एका दिवसाला एकच तिथी..."

"कुणी सांगितलं? पुण्याची गाडी मंगळवारी रात्री सुटते, तासगावात बुधवारी पहाटे लागते. ती कुठल्या तारखेची? स्वारगेटला मंगळवारची. माझ्या पाटीवर बुधवारची. गाडी एकच की."

सूर्यापासून चंद्र बारा अंश पुढे सरकला की एक तिथी होते, हे तिने पुस्तकातून शिकून घेतलं होतं. चंद्र कधी भरभर चालतो, कधी हळू, म्हणून तिथी कधी एकोणीस तासांची, कधी सव्वीस तासांची, हेही तिने प्रोग्रामात बसवलं होतं. एखादी तिथी दोन सूर्योदय गाठते, एखादी एकही गाठत नाही, ही भानगडसुद्धा तिने निस्तरली होती. सहा महिने एवढा अभ्यास केला आणि ज्या बाईने पस्तीस वर्षं संकष्टी धरली तिला स्वयंपाकघरात जाऊन एक प्रश्न विचारला नाही. कॅलेंडरवर रोजच्या चौकोनात सूर्योदयाची तिथी छापतात, तीच खरी धरून ती मोकळी झाली होती.

त्या दिवशी सांगली-कोल्हापुरात आणखी दहा जणांची साखर अशीच घसरली. विट्याच्या एका निवृत्त गुरुजींना दोन दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. सगळे वाचले, पण कंपनीचे प्रमुख डॉक्टर मगदूम यांची झोप उडाली. यंत्रांच्या तपासणीचं मंडळ पुण्यात होतं, तिथून पत्र आलं. मगदूमांनी तेजश्रीला खोलीत बोलावलं. ते ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं.

"तिथ्या काढून टाका," ते म्हणाले. "आणि जे उपवास करतात त्यांच्याकडून लिहून घ्या, की करणार नाही. नाहीतर पंप परत. बटणावर मी विसंबणार नाही, म्हातारी माणसं विसरतात. मला माणसं मारायची नाहीत, तेजश्री."

"ती माणसं उपवास सोडणार नाहीत, सर. पंप सोडतील."

"मग यंत्र बिनचूक करून दाखवा. पुढच्या संकष्टीला पुण्याचे दोघं इथे बसतील आणि पडद्यावर बघतील. त्या अकरा जणांपैकी एकाची जरी साखर सत्तरच्या खाली गेली तरी विषय संपला. सत्तावीस दिवस आहेत. चाचणी फसली तर लागतील, म्हणून सह्या आणून ठेवा."

त्या संध्याकाळी तेजश्रीने कागद शालनताईंसमोर ठेवला. त्यांनी भिंग लावून एका डोळ्याने तो सावकाश वाचला.

"हे कुणी लिहिलं?"

"कंपनीनं."

"मग चतुर्थीला कंपनीनं जेवावं. मी सही करणार न्हाई."

"पंप काढून घेतील."

"घेऊ दे. आधी इंजेक्शनं होतीच की."

"आधी होती तेव्हा डावा डोळा गेला. आता उजवा घालवायचाय?" तेजश्रीचा आवाज चढला. दोन दिवसांची भीती, अपराध, जागरण सगळं एकदम तोंडाशी आलं. "आणि कुणासाठी? चार वर्षांचा असताना त्याला ताप आला म्हणून तुम्ही ही संकष्टी धरलीत. तो आता टोरांटोत मजेत आहे. तुमची साखर किती आहे हे त्याला विचारा, सांगता येतं का बघा. ज्याने मागे वळून पाहिलं नाही त्याच्यासाठी तुम्ही उपाशी मरणार आणि मी ते बघत बसणार?"

शालनताईंनी कागदाची घडी घातली, तिच्या हातात दिली आणि त्या आत गेल्या. भांडण त्यांनी केलं नाही. त्यांनी बोलणंच बंद केलं. सकाळी डबा भरलेला असे, रात्री ताट झाकलेलं असे, आणि मधल्या वेळात घरात फक्त कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत.

तेजश्री जिद्दीला पेटली. तिने मनाशी पक्कं ठरवलं, या बाईचा उपवासही मोडायचा नाही आणि डोळाही जाऊ द्यायचा नाही. तिने आपला जुना प्रोग्राम मुळापासून उपटला. आता यंत्राने 'आजची तिथी कोणती' असं विचारायचं नाही. आधी विचारायचं, व्रत कोणतं. मग त्या व्रताचा क्षण कोणता. मग त्या गावात तो क्षण आज किती वाजता येतो. आणि त्या क्षणी आकाशात कोणती तिथी आहे. सांगलीचा चंद्रोदय वेगळा, विट्याचा दोन मिनिटांनी वेगळा. मागच्या चाळीस वर्षांची कॅलेंडरं तिने रद्दीवाल्यांकडून, देवळांतून, लोकांच्या माळ्यांवरून जमवली आणि प्रत्येक संकष्टी यंत्राकडून काढून घेतली. चारशे पंच्याण्णव संकष्ट्यांपैकी चारशे पंच्याण्णव जुळल्या. तिसऱ्या आठवड्यात ती ते कागद घेऊन मगदूमांकडे गेली.

मगदूमांनी कागद नीट पाहिले. "दिवस बरोबर आला. वेळेचं काय?"

अडचण तिथेच होती. दिवसभर उपाशी राहून माणूस रात्री जेवतो ते पोटभर. त्या जेवणालाच साखर सर्वांत उंच उडी मारते, म्हणून आगाऊ डोस तेव्हाच सर्वांत गरजेचा. बाकीचे दहा जण चंद्र उगवला की वीस मिनिटांच्या आत पानावर बसत. अकराव्या शालनताई. त्यांचं जेवण कधी चंद्रोदयानंतर पाच मिनिटांनी, कधी दीड तासाने. पंप चंद्राचा हिशेब धरून डोस सोडणार आणि या बाई आपल्या बसूनच राहणार.

"त्या बुधवारच्या आधीच्या दोन संकष्ट्यांना त्यांची साखर रात्री एकसष्टवर आली होती," मगदूम म्हणाले. "तेव्हा आपण किरकोळ म्हणून सोडून दिलं. यावेळी सोडता येणार नाही. त्या कशाची वाट बघतात?"

"माहीत नाही."

"तुमच्या घरात राहतात ना?"

विचारायचं तर घरात बोलणं बंद, आणि आपण होऊन पहिला शब्द काढायला तिचाही अहंकार आडवा येत होता. रविवारी सकाळी शालनताई देवळात गेल्यावर तिने चार वर्षांच्या एकोणपन्नास संकष्ट्यांच्या नोंदी पडद्यावर मांडल्या. प्रत्येक ओळीत दोन आकडे, चंद्र कधी उगवला आणि साखर कधी चढू लागली.

आधी तिला ढगांचा संशय आला. चंद्र दिसला नाही म्हणून थांबत असतील. पण आषाढातल्या, श्रावणातल्या ओळी काही वेगळं सांगत नव्हत्या.

मग तिच्या मनात ते आलंच. अजितचा फोन. तो फोन करायचा तर टोरांटोत सकाळी अकराला, चहाच्या सुट्टीत. तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेआठ. पोराचा आवाज ऐकल्याशिवाय घास उतरत नसेल आईच्या. ही कल्पना तिला इतकी टोचली, की ती उठून खिडकीपाशी जाऊन आली. पण ती तारखांचं माणूस होती आणि तारखांची माणसं टोचलं म्हणून मानत नाहीत. तिकडे नोव्हेंबरात घड्याळं तासभर मागे करतात, मार्चमध्ये पुढे. हिवाळ्यात त्याचे अकरा म्हणजे आपले साडेनऊ. शालनताई त्याच्या फोनसाठी थांबत असतील, तर नोव्हेंबर ते मार्च त्यांचं जेवण तासाने पुढे जायला हवं. तिने हिवाळ्याच्या ओळी वेगळ्या काढल्या, उन्हाळ्याच्या वेगळ्या. काहीच फरक पडत नव्हता. टोरांटोची घड्याळं आठ वेळा फिरली होती आणि माधवनगरच्या ताटाला त्याची खबरही नव्हती.

तिला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याबद्दल स्वतःचा रागही आला.

मग एक ओळ तिच्या नजरेला अडकली. दोन वर्षांपूर्वीची संकष्टी. चंद्रोदय आठ एक्केचाळीसला, जेवण दहा पंचावन्नला. एवढा उशीर दुसऱ्या कुठल्याच ओळीत नव्हता. काय होतं त्या दिवशी? तिने स्वतःची जुनी दैनंदिनी उघडली. त्या दिवशी ती हैदराबादला होती, प्रशिक्षणाला. फोनच्या यादीत तिचाच एक कॉल होता, रात्री दहा पन्नासचा. काय बोलली असेल? तिला आठवलं. दमून हॉटेलवर आल्यावर तिने घरी फोन केला होता. 'जेवले मी आत्ताच, तुम्ही झोपा.' एवढंच.

तिने ऑफिसच्या फाटकाच्या नोंदी मागवून घेतल्या, स्वतःच्या. कोणत्या दिवशी किती वाजता कार्ड टेकवून ती बाहेर पडली, ते त्या एकोणपन्नास ओळींच्या शेजारी लावलं. मिरजेतून निघायचं, बसने माधवनगरला चाळीस मिनिटं, मग हातपाय धुऊन पानावर बसेपर्यंत वीस. बरोबर एक तास. ओळीमागून ओळ जुळत गेली. ती साडेआठला निघाली होती त्या दिवशी जेवण साडेनऊला. नऊला निघाली तेव्हा दहाला. ज्या मोजक्या दिवशी ती चंद्राच्या आधी घरी आली होती, त्या दिवशी चंद्र उगवताच.

रोज रात्री घरी आल्यावर शालनताई म्हणत, "बस, मी पण घेते वाढून." तेजश्रीला वाटे, या बाईंना एकटीने जेवायचा कंटाळा. संकष्टीच्या दिवशी त्या सकाळपासून उपाशी आहेत आणि आपण मीटिंगमागून मीटिंग करतोय, हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं. कुलपाचा आवाज आला आणि शालनताई देवळातून परतल्या, तेव्हा ती पडद्यासमोर बसून रडत होती. त्यांनी एकदा पाहिलं आणि आत जाऊन चहा टाकला.

सोमवारी तिने नवा नियम लिहिला. शालन कुंभोजकर यांच्या जेवणाची वेळ: चंद्रोदय, किंवा तेजश्री घरी आल्यावर वीस मिनिटं, यांपैकी जे नंतर असेल ते. ऑफिसच्या फाटकाला तिचं कार्ड लागलं की पंपाला निरोप जाईल.

मगदूमांनी तो दोनदा वाचला. "हा एका माणसाचा नियम झाला. यंत्र हजारोंना लावायचंय."

"मी बाकीच्या दहा जणांना काल फोन केले, सर. विचारलं, घरातलं कुणी यायचं असेल तर थांबता का? सहा जण म्हणाले, म्हणजे काय, थांबतोच. विट्याचे गुरुजी नातू क्लासवरून यायची वाट बघतात. येणारी माणसं आजवर चंद्राच्या आधी येत आली, म्हणून नोंदीत दिसलं नाही. हे आपण कधी विचारलंच नव्हतं. आपण फक्त 'किती वाजता जेवता' असं विचारतो आणि लोक काहीतरी आकडा सांगून मोकळे होतात." तिने फॉर्मचा नवा नमुना पुढे ठेवला. त्यात एक रकाना वाढवला होता: जेवायला कुणासाठी थांबता?

मगदूमांनी तो रकाना वाचला. त्यांची बायको साताऱ्याला नोकरीला होती. "ठेवा," ते म्हणाले.

संकष्टी गुरुवारी आली. घरात अजूनही बोलणं नव्हतं. सकाळी शालनताईंनी कॅलेंडर पाहिलं, पोटावरच्या पंपाकडे पाहिलं, आणि बटणाकडे बोट न नेता त्या फुलं तोडायला गेल्या. तेजश्रीला ते दिसलं. एकदा जिवावर बेतल्यावरही या बाईने आपल्या शब्दावर पुन्हा भरवसा टाकला होता. ती बसस्टॉपपर्यंत जवळजवळ पळतच गेली.

दुपारी एक वाजला, दोन वाजले. अकरा पंप गप्प राहिले. पडद्यावरच्या साखरेच्या अकराही रेघा सरळ होत्या. संध्याकाळी सहाला पुण्याहून दोन अधिकारी आले आणि मोठ्या पडद्यासमोर बसले. त्यातल्या बाई प्रश्न विचारण्यात तरबेज होत्या. अधिकमासाचं काय, परगावी गेलेल्या माणसाचं काय, एक फोन दोघांनी वापरला तर. तेजश्री उत्तरं देत गेली. चंद्रोदय आठ बत्तीसला होता. पावणेआठ वाजले. शालनताईंची रेघ अठ्ठ्याऐंशीवर होती आणि हळूहळू उतरत होती, दिवसभराच्या उपाशी माणसाची उतरते तशी.

"आता हे स्थानिक वेळेचं प्रकरण पुन्हा एकदा पहिल्यापासून समजावून सांगा," अधिकारी बाई म्हणाल्या. "तास-दीड तास लागला तरी हरकत नाही. अहवालात नीट यायला हवं."

मगदूमांनी मान डोलावली. कंपनीचं सगळं त्या अहवालावर होतं. तेजश्रीने खुर्ची मागे सारली.

"ते डॉक्टर सांगतील. मला निघायला हवं."

"आत्ता? चाचणी चालू आहे."

"म्हणूनच. ती अकरावी रेघ माझ्यासाठी थांबलीय. मी इथे साडेनऊपर्यंत बसले तर त्या बाई साडेदहाला जेवतील, आणि तोवर तुम्हाला पडद्यावर साठ दिसेल."

"त्यांना फोन करून जेवून घ्यायला सांगा ना."

"सांगितलं तर हो म्हणतील," तेजश्री म्हणाली. "आणि थांबतील."

अधिकारी बाईंनी मगदूमांकडे पाहिलं. मगदूम म्हणाले, "जा तुम्ही. मी आहे."

सात वाजून पन्नास मिनिटांनी फाटकाला कार्ड लागलं. बस भरलेली होती. उभ्या उभ्या ती फोनवर रेघ बघत राहिली. पंपाने डोस सोडला होता. चौऱ्याऐंशी. एक्क्याऐंशी. विश्रामबागेला सिग्नल लागला आणि तिने पहिल्यांदा देवाचं नाव घेतलं, कोणत्या देवाचं ते तिलाही कळलं नाही. अठ्ठ्याहत्तर. ती दारात पोचली तेव्हा आठ पस्तीस झाले होते. साखर शहात्तर होती आणि पूर्वेला चंद्र पत्र्यांच्या आडून वर येत होता.

शालनताईंनी दोन पानं मांडली होती. मोदक वाफाळत होते.

"हातपाय धुऊन घे," जवळजवळ चार आठवड्यांनी त्या पहिल्यांदा बोलल्या. "पावणेआठच्या पुढं पोटावर टक् झालं. म्हटलं, निघालीस. लगेच उकड ठेवली."

"तुम्हाला कसं कळलं, मी निघाले की ते वाजतं म्हणून?"

"त्या रविवारी पडदा तसाच उघडा ठेवून तोंड धुवायला गेलीस. भिंग हाय माझ्याकडं. आमच्या चतुर्थ्या आणि तुझ्या येण्याच्या वेळा. आता तेच मशीनला शिकवणार, हे कळाय काय पंडित लागतो?"

त्यांनी चंद्राला अक्षता वाहिल्या, आत येऊन पाटावर बसल्या. तेजश्री त्यांच्यासमोर बसली.

"मी त्या दिवशी नको ते बोलले, आई. मला वाटत होतं, तुम्ही अजूनही अजितसाठी..."

"त्याच्यासाठीच धरली होती की. खोटं कशाला सांगू." शालनताईंनी तिच्या मोदकावर तूप सोडलं. "पण उपवास मनात एकासाठी धरायचा आणि सोडायचा दुसऱ्याबरोबर, असं किती दिवस चालणार? घरी यायचं माणूस सुखरूप आलं की माझी चतुर्थी सुटते. तो इथं होता तोवर तो यायचा. आता तू येतीस."

फोनवर मगदूमांचा निरोप आला. तेजश्रीने तो न वाचताच फोन पालथा ठेवला. डोळे भरून आले होते, तरी तिने मोदक फोडून पहिला घास घेतला. तेव्हा कुठे शालनताईंनी आपल्या ताटात हात घातला.